म्हातारीचा पंखा

उस्तादांनी फोटो हातात घेतला, कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला आणि फोटो आधी लांबून, मग जवळून पाहिला.

फोटोग्राफर शेजारी उभा होता, कौतुक ऐकायच्या तयारीत. फोटो होताही तसाच. निळं आभाळ, खाली शेतांचे चौकोन, आणि मधोमध ऐंशी वर्षांपूर्वीच्या युद्धातलं, एकाच माणसाला कसंबसं बसता येईल असं लढाऊ विमान. हँगरमधले सगळे त्याला म्हातारी म्हणत. म्हातारीच्या पंखांवरचा एकेक रिव्हेट मोजून घ्यावा इतका फोटो स्पष्ट होता.

“छान आहे,” उस्ताद शेवटी म्हणाले. “इंजिन कधी बंद पडलं?”

“बंद कुठे पडलं?”

“मग पंखा का थांबलाय?”

फोटोग्राफरने वाकून पाहिलं. म्हातारीच्या नाकावरच्या पंख्याची चारही पाती फोटोत ताठ उभी होती, हात लावून पुसता यावीत अशी.

विमानातून दुसऱ्या विमानाचे फोटो काढणाऱ्याला ही गोष्ट पहिल्या महिन्यातच कळते. जेटचं सोपं असतं. त्याचं फिरणारं काही बाहेर दिसतच नाही. सेकंदाच्या हजाराव्या भागात खटका दाबा आणि मोकळे व्हा. पंख्याच्या विमानाला तसं केलं की पंखा गोठतो आणि उडतं विमान दोरीने टांगल्यासारखं दिसतं. पंखा फिरताना दिसायला हवा असेल तर कॅमेऱ्याची झडप सेकंदाचा ऐंशीवा भाग तरी उघडी राहावी लागते, म्हणजे पात्यांची गोल चकती होते. पण तेवढ्या वेळात, दार काढून टाकलेल्या विमानात, वाऱ्याच्या झोतात बसलेल्या माणसाचा हात जरा हलला की सगळंच फिसकटतं. म्हणून या कामात डोळ्याइतकीच हाताला किंमत. फोटोग्राफरने तीस वर्षं हात असा काही जपला, की घरात जड पिशवी कधी उचलली नाही. हे बायको अजूनही ऐकवते.

“त्या दिवशी हवा फार खराब होती,” तो म्हणाला.

“हवा बरी होती. मी बाहेरच उभा होतो.” उस्तादांनी फोटो जपून पाकिटात परत घातला. “अकरा वर्षं लागली मला हा पंखा फिरवायला. तुम्ही एका बोटात थांबवलात, फोटोवाले.”

उस्ताद म्हणजे हँगरचे मुख्य मेकॅनिक. गंजलेल्या पत्र्यांच्या ढिगातून त्यांनी म्हातारीला उभं केलं होतं. आणि या गृहस्थांची एक रीत होती, तिच्यावरून सगळी धावपट्टी त्यांची थट्टा करायची. आपलं मशीन वर गेलं की ते परत येईपर्यंत उस्ताद बसायचे नाहीत. चाकाखाली लावायचा लाकडी ठोकळा काखेत धरून हँगरच्या दारात उभे. पाऊण तास लागो, दोन तास लागोत. कुणी खुर्ची आणून दिली तर तिच्यावर ठोकळा ठेवायचे. त्यामुळे एक मजेदार गोष्ट झाली होती: म्हातारीचा प्रत्येक स्क्रू ज्यांनी आवळला, त्यांनीच तिला उडताना फक्त खालून पाहिलं होतं. डोक्यावरून जाताना पोट तेवढं दिसायचं, तेही क्षणभर.

आता तेही संपणार होतं. म्हातारीच्या मालकांनी तिला संग्रहालयाला देऊन टाकलं होतं. रविवारी सकाळी शेवटचं उड्डाण. मग तेल काढणार, पंख सोडवणार आणि एका दिवाणखान्याएवढ्या खोलीत छताला टांगणार.

“रविवारी पुन्हा काढताय ना?” उस्तादांनी विचारलं. “चालू काढा. बंद बघायची तर मी तिकीट काढून तिथे जाईन की.”

* * *

घरी बायकोने चहा पुढे ठेवला. अर्धा कप.

बायको म्हणजे धावपट्टीवरच्या कॅप्टनबाई. फोटोचं विमान तीच चालवायची. तिचं चारजणांचं साधं विमान, मागची सीट काढलेली, डाव्या बाजूचं दार काढलेलं. त्या भोकात पट्ट्यांनी बांधलेला नवरा. संसाराची अठ्ठावीस वर्षं त्यांनी अशी हवेत काढली होती. जमिनीवर ती त्याला अहो म्हणायची आणि भांडायची. हवेत ती त्याला “कॅमेरा” म्हणायची आणि अजिबात भांडायची नाही. त्यामुळे त्याला हवेतली बायको जास्त आवडायची, हे त्याने तिला एकदाच सांगून पाहिलं होतं.

“पुन्हा अर्धाच?” तो कुरकुरला. “साखर वाढली नाहीये माझी. रिपोर्ट तूच वाचलास.”

“साखरेचा काय संबंध? पूर्ण कप भरला की बशीत सांडतो तुमच्याच्याने.”

त्याने कपाकडे पाहिलं, मग आपल्या उजव्या हाताकडे. चार महिने. चार महिने ती अर्धा कप देत होती, आणि चार महिने तो समजत होता की आपण हे मोठ्या हुशारीने लपवतोय. खटका हजाराव्या भागावर नेऊन ठेवायचा, हात कापला तरी फोटो स्पष्ट. कुणाला कळणार होतं? ज्याला कळायला नको त्यालाच नेमकं कळलं.

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही बोलाल म्हणून वाट बघत होते,” ती म्हणाली. “तुमचं कौतुक आहे हं. पंखे थांबवलेत, पण तोंड उघडलं नाहीत.”

त्याला हसू आलं, आणि हसता हसता एकदम भरूनही आलं. तिने कप त्याच्या हातातून काढून टेबलावर ठेवला आणि हात तसाच धरून ठेवला.

“सोमवारी डॉक्टर,” ती म्हणाली. “आणि रविवारी?”

“रविवारी दुसऱ्या कुणाला तरी बोलावू.”

“त्याला उस्ताद कोण ते माहीत असेल?”

नसेल, हे दोघांनाही ठाऊक होतं. त्या संध्याकाळी त्याने टेबलफॅन लावला आणि त्याच्यासमोर खुर्ची टाकून सराव सुरू केला. ऐंशीवा भाग. कोपर छातीशी, श्वास रोखून, पाठ भिंतीला. पंख्याची चकती सुरेख यायची, पण तिच्याबरोबर पंख्याचा दांडा, टेबल आणि मागचं कॅलेंडरही डुलायचं. शेजारची बाई विरजण मागायला आली होती. ती पंख्याचा इतका सन्मान बघून काही न मागताच परत गेली.

* * *

शनिवारी दुपारी हँगरसमोर चालण्याचा सराव होता. हा प्रकार नवख्या माणसाने पाहिला तर त्याला वाटेल, सगळ्यांना ऊन लागलंय. उद्या हवेत जे करायचं ते आदल्या दिवशी जमिनीवर पायी चालून करायचं, म्हणजे वर गोंधळ होत नाही. कॅप्टनबाई दोन्ही हात पसरून पुढे, तिच्या मागे डाव्या अंगाला तसेच हात पसरून तिचा धाकटा भाऊ. म्हातारीचा वैमानिक तोच. त्याला सगळे लांब्या म्हणत. म्हातारीत शिरताना तो गुडघे कुठे ठेवतो हे अजून कुणाला कळलेलं नव्हतं.

“मी वळले की तू बाहेरच्या बाजूने वर ये,” कॅप्टनबाई म्हणाली. “मी सांगितल्याशिवाय जवळ यायचं नाही.”

“ताई, लहानपणापासून तेच ऐकतोय,” लांब्या म्हणाला. “भाऊजी, ताईच्या स्पीडला म्हातारी चालवायची म्हणजे तिला रांगायला लावणं आहे. पाणी तापतं इंजिनाचं. बारा मिनिटं देतो. काटा लाल पट्टीला टेकला की मी पुढे निघून जाणार, मग हाका मारू नका.”

फोटोग्राफर दोघांच्या मधोमध, मोठी लेन्स लावलेला कॅमेरा घेऊन उलटा चालत होता. उस्ताद दारातून बघत होते. बघता बघता ते पुढे आले, त्याच्या बाजूला उभे राहिले आणि लेन्सच्या टोकाकडे टक लावून पाहू लागले. टोक थरथरत होतं. लपवायला जागाच नव्हती.

“असं आहे होय,” उस्ताद हळूच म्हणाले.

मग त्यांनी काहीही न विचारता आपला उजवा पंजा लेन्सखाली घातला. काळ्या नखांचा, जाड कातडीचा पंजा. थरथर थांबली. एकदम, चालू यंत्र बंद करावं तशी.

“दाबा आता.”

फोटोग्राफरने हँगरच्या भिंतीतल्या हवा खेचणाऱ्या पंख्यावर नेम धरला आणि ऐंशीव्या भागावर खटका दाबला. पडद्यावर पाहिलं. पात्यांची गोल चकती, आणि तिच्या भोवतीची एकेक वीट जागच्या जागी.

“चाळीस वर्षं हेच करतोय,” उस्ताद म्हणाले. “दुसरा आवळतो, मी धरतो.”

“उस्ताद, उद्या वर चला.”

उस्तादांनी पंजा काढून घेतला. “छे. मशीन वर असताना मी खाली असतो.”

“तुमचं मशीन जिथे असेल तिथून वीस पावलांवर असाल,” हात पसरलेल्या अवस्थेतच कॅप्टनबाई म्हणाली. “खाली उभे राहून कधी इतके जवळ होता?”

“पण बसावं लागेल.”

“गुडघ्यावर राहा. बसा म्हणालंय कोण?”

उस्तादांनी दाराशी ठेवलेल्या ठोकळ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, “ठोकळा बरोबर घेईन.”

“दार उघडं असतं हो! खाली कुणाच्या डोक्यात पडला म्हणजे?”

“बांधून घेईन,” उस्ताद म्हणाले, आणि ते ठरलं.

* * *

रविवारी हवा अशी शांत होती की फोटोग्राफरला सबब सांगायला काही उरलंच नाही.

तीन हजार फुटांवर दाराच्या भोकात तो बसला होता, कंबरेला, खांद्याला पट्टे. त्याच्या पुढ्यात, पाठ बाहेरच्या बाजूला करून, उस्ताद गुडघ्यावर. त्यांच्याही अंगावर पट्टे, आणि पट्ट्याला दोरीने घट्ट बांधलेला ठोकळा. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसलेल्या माणसाने निदान खाली तरी बघावं. उस्तादांनी एकदाही बघितलं नाही. त्यांनी लेन्स धरली, मान खाली घातली, आणि कानाला लावलेल्या हेडफोनमधून फक्त एवढं विचारलं, “हलू नको ना?”

“अजिबात नाही,” फोटोग्राफर म्हणाला. “मी सांगेपर्यंत श्वाससुद्धा बेताने.”

“कॅमेरा, तयार?” बायकोचा आवाज.

“तयार, कॅप्टन.”

“म्हातारीला बोलावते.”

आणि म्हातारी आली. मागून, खालून, सावकाश वर चढत, नाक जरा उचलून. सकाळचं ऊन तिच्या पाठीवर पसरलं. फोटोग्राफरने तीस वर्षांत शेकडो विमानं अशी वर येताना पाहिली होती, तरी क्षणभर तो खटका दाबायचाच विसरला. त्याने खटका दाबला. पुन्हा दाबला. “थोडं पुढे,” तो म्हणे, बायको ते लांब्याला सांगे, आणि म्हातारी थोडी पुढे सरके. “आता वळ,” आणि क्षितिज तिरकं होई, म्हातारीची सगळी पाठ समोर उघडी पडे.

पण हँगरसमोर उभं राहणं वेगळं आणि इथे वेगळं. वारा लेन्सवर थपडा मारत होता. उस्तादांचा पंजा जागचा हलत नव्हता, पण फोटोग्राफरची स्वतःची बोटं खटक्यावर नाचत होती आणि मागचं टोक डळमळत होतं. एखादा फोटो तरी आला की नाही, कळायला मार्ग नव्हता. उन्हात पडद्यावर त्याला फक्त स्वतःचं नाक दिसत होतं. दाबत राहा, एवढंच हातात होतं.

“ताई, नऊ मिनिटं झाली,” लांब्याचा आवाज आला. “पाणी चढतंय. एक वळण देतो, मग मी चाललो.”

एक वळण. सगळ्यात चांगलं ऊन याच वळणावर मिळणार होतं, फोटोग्राफरला ते पक्कं ठाऊक होतं. त्याने कॅमेरा डोळ्याला लावला, आणि लावता लावता त्याची नजर लेन्सच्या कडेवरून खाली गेली.

उस्ताद तसेच होते. मान खाली, डोळे गच्च मिटलेले, गाल स्वतःच्या दंडावर टेकलेला. हलू नको म्हटलं होतं ना? मग ते हलले नव्हते. नऊ मिनिटं त्यांचं मशीन त्यांच्या पाठीमागे वीस पावलांवर उडत होतं, आणि त्यांनी एकदाही मान वळवून पाहिलं नव्हतं.

फोटोग्राफरला स्वतःची विलक्षण लाज वाटली. फोटो, फोटो, फोटो! कुणासाठी चालला होता हा सगळा खटाटोप?

“उस्ताद, हात काढा.”

“आला का?”

“आला,” तो म्हणाला. तो धडधडीत खोटं बोलत होता, आणि या वेळी त्याला त्याचं काही वाटलं नाही. “वळा. मागे बघा.”

“वळण सुरू करतेय,” बायको म्हणाली. “कॅमेरा?”

“कॅमेरा बंद आहे, कॅप्टन. सावकाश वळ. जमेल तितकं सावकाश.”

मग विमान इतकं हळुवार कललं, की झोपलेलं मूल जागं झालं नसतं.

उस्ताद पट्ट्यांत अडखळत वळले. म्हातारी समोर होती. तिची पाठ, तिचे पंख, काचेखाली गुडघे दुमडून बसलेला लांब्या, आणि नाकासमोर पंखा. म्हणजे पंखा नव्हताच. उन्हात चमकणारी एक पातळ चकती होती, आणि तिच्यातून पलीकडचं आभाळ दिसत होतं. फोटोग्राफरने कॅमेरा मांडीवर ठेवला आणि तोही बघत राहिला. काचेशिवाय, चौकटीशिवाय असं नुसतं बघायचं त्याला तीस वर्षांत सुचलंच नव्हतं. किती मोठी होती म्हातारी! आणि किती सुंदर.

उस्तादांचे ओठ हलत होते.

“डावीकडच्या झाकणाचा तिसरा स्क्रू सैल आहे,” ते म्हणाले, आणि हुंदका देऊन रडू लागले.

लांब्याने पंख हलवले, नाक खाली घातलं, आणि म्हातारी बघता बघता लहान होत गेली. कॅप्टनबाईने आपलं विमान घाईघाईने आधी उतरवलं. त्यामुळे म्हातारी धावपट्टीवरून हँगरपाशी आली तेव्हा उस्ताद आपल्या जागी, ठोकळा काखेत धरून उभे होते. पंखा मंदावला, पाती वेगळी दिसू लागली, आणि थांबली. उस्तादांनी वाकून चाकाला ठोकळा लावला.

* * *

संध्याकाळी संगणकासमोर दोघं नवरा-बायको बसली. तीनशे बारा फोटो. पहिला हललेला, दुसरा हललेला, विसावा हललेला, शंभरावा तर असा, की म्हाताऱ्या दोन. फोटोग्राफरच्या तोंडचं पाणी पळालं. आला, म्हणून सांगून बसला होता तो.

“पुढे,” बायको शांतपणे म्हणत होती. “पुढे. पुढे. थांबा.”

दोनशे सत्तेचाळीस. पंखांवरचे रिव्हेट एकेक मोजावेत, आणि नाकासमोर पंख्याची गोल, भरलेली, पारदर्शक चकती. एवढा एकच. खालच्या कोपऱ्यात मात्र एक तपकिरी, धुरकट डाग आला होता.

“हे काय?” बायकोने विचारलं.

“उस्तादांचा अंगठा,” तो म्हणाला.

मंगळवारी मोठा फोटो घेऊन तो हँगरमध्ये गेला, बायको चहाचा थर्मास घेऊन. डॉक्टरांनी सोमवारी गोळ्या दिल्या होत्या, आशाही थोडी दिली होती. पण आज तो विषय नव्हता. म्हातारीचे पंख सोडवून, तिला घेऊन ट्रक सकाळीच गेला होता. एवढी मोठी जागा मोकळी, जमिनीवर तेलाचे चार डाग, आणि कोपऱ्यात स्टुलावर उस्ताद बसलेले. त्यांना असं भरदुपारी बसलेलं पाहून फोटोग्राफरला कसंतरीच झालं.

उस्तादांनी चष्मा नाकावर ओढला. फोटो उजेडाकडे नेला, मग डोळ्यांजवळ.

“कोपऱ्यात माझं बोट आलंय,” ते म्हणाले. “कापून टाका तेवढं.”

“नाही कापणार.”

उस्तादांनी मान डोलावली. बोटाच्या टोकाने त्यांनी फोटोतल्या चकतीभोवती एक फेरी मारली, कागदाला स्पर्श न करता.

“चालू आहे,” ते म्हणाले.

समोरच्या भिंतीवर खिळा होताच. त्यांनी स्वतः फोटो टांगला, दोन पावलं मागे येऊन सरळ झालाय का ते पाहिलं. कॅप्टनबाईने चहा ओतला. दोन पूर्ण कप, एक अर्धा. फोटोग्राफरने स्टूल पुढे सरकवलं.

“बसा, उस्ताद. चहा घ्या.”

उस्तादांनी कप घेतला. भिंतीकडे पाहिलं, स्टुलाकडे पाहिलं, आणि कोपऱ्यातला ठोकळा उचलून स्टुलावर ठेवला.

“आता कसला बसतो,” ते म्हणाले. “मशीन वर आहे.”

मग ती दोघंही त्यांच्या शेजारी उभी राहिली, आणि तिघांनी उभ्यानेच चहा घेतला.